पान एकोणीस: गुरुजींचा मान

वैजनाथ सर प्रकल्पाच्या वह्या डोळ्यांनी तपासत नसत, हातानं तपासत. वही तळहातावर घ्यायची, वजनाचा अंदाज घ्यायचा, पानं फर्रकन सोडून उपशीर्षकं लाल शाईनं अधोरेखित केली आहेत का तेवढं बघायचं आणि शेवटच्या पानावर सही ठोकायची. सहीच्या वर छापलेलं असे, 'सदर प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः माहिती गोळा करून पूर्ण केला असून मी तो काळजीपूर्वक तपासला आहे.' एका वाक्यात दोन थापा. एक थाप विद्यार्थ्याची, एक सरांची, आणि त्याबद्दल आजवर कुणाचीच कुणाकडे तक्रार नव्हती.

सरांची शाळा बाभळदऱ्याला. जळकोटच्या अलीकडे हायवे सोडला की चार किलोमीटर आत. त्या चार किलोमीटरांना रस्ता म्हणायची प्रथा होती. सर राहायला नळदुर्गला, आणि सहा वर्षं रोज मोटारसायकलवर आदळत येऊन त्यांची कंबर आता त्यांची राहिली नव्हती. नळदुर्गच्या शाळेतले मराठीचे शिक्षक येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. ती शाळा सरांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. पत्नी सोनालीनं दोनदा चालून घड्याळ लावून पाहिलं होतं. बदलीच्या अर्जावर विस्तार अधिकारी दैवशाला मॅडमचा चांगला शेरा पडला की काम झालंच म्हणायचं. म्हणजे मॅडमच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करून दाखवणं आलं. आणि स्वतः काही करून दाखवायचं म्हटलं की सरांना विद्यार्थ्यांना कामाला लावायचं एवढंच सुचायचं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी नववीच्या वर्गाला विषय दिला, 'आमच्या गावची येळवस'. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, या भागात घराघराला कुलूप लागतं. सगळं गाव शेतात, कडब्याची खोप, खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि भज्जी-आंबिलीवर ताव मारून आडवी झालेली माणसं. जिल्ह्यात त्या दिवशी सुट्टी असते, नसती तरी कचेऱ्यांत कुणी सापडलं नसतं.

"घरातल्या जुन्या माणसाला विचारून लिहा," सरांनी बजावलं. "वीस पानं. एक पान कमी चालणार नाही."

सुट्टीनंतर अठ्ठावीस वह्या आल्या. सत्तावीस भरगच्च होत्या. सर पानं सोडत होते आणि एकेका वहीच्या एकोणिसाव्या पानावर तेच ठसठशीत उपशीर्षक झळकत होतं: 'गुरुजींचा मान'. पाचव्या वहीला सर थांबले. नोकरीला लागल्यापासून जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. एक ओळ वाचली. 'येळवशीच्या दिवशी गावच्या गुरुजींना पहिला मान असतो.' एवढं वाचून त्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी वही मिटली. पुढची ओळ वाचली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

ऊर भरून आला तसं वाईटही वाटलं. दर येळवशीला सर सासुरवाडीच्या शेतात जेवायला जात. इकडे गावात आपला मान ठेवलेला असणार आणि आपण सहा वर्षं गैरहजर! पण मग गावानं तरी एकदा बोलवायला नको? सत्तावीस घरांतली म्हातारी माणसं सांगतात म्हणजे मान होता यात शंका नव्हती.

अठ्ठाविसावी वही आरोहीची. अडीच पानं, एका कोपऱ्यावर आंबिलीचा डाग. तिच्या आजीनं, कोंडाबाईनं, सांगितलेलं तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं. खोप कुणी बांधायची, भज्जीत काय काय पडतं, पोरगी असताना आजी शेतात कशी हरवली होती. गुरुजींचा मान मात्र कुठंच नव्हता.

"आरोही, मुख्य गोष्टच राहिली की गं."

"सर, आज्जी म्हणली असलं काय नसतंय."

"आजी विसरली असेल. सत्तावीस घरांत माहीत आहे आणि तुझ्या एकटीच्या घरात माहीत नाही?"

सरांनी लाल पेन उघडलं. आरोहीला वीसपैकी अकरा मार्क दिले आणि खाली शेरा लिहिला: 'माहिती अपुरी व अविश्वसनीय. गुरुजींचा मान हा या गावचा मुख्य विधी असून तोच राहिला आहे. जाणत्या माणसाला विचारावे.' खाली तारखेसह सही केली. ती सही त्या वर्षातली त्यांची सगळ्यात विचारपूर्वक केलेली सही होती.

मग सरांनी सरपंचाच्या पोराची, कृष्णराजची, सगळ्यात जड वही उचलली, पानांचे फोटो काढले आणि फोनमधल्या एआयला अहवाल करायला सांगितलं. अहवाल मिनिटात झाला. सरांनी तो न वाचता मॅडमना पाठवला. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"वैजनाथ सर, काय शोधून काढलंत हो! आणि ते पाढ्याचं तर फारच अनोखं आहे!"

"पाढ्याचं तर आहेच मॅडम," सर म्हणाले. कुठला पाढा, हे विचारणं त्यांना बरं दिसलं नाही.

"मी येणार बघायला. जिल्ह्याचे मोठे साहेबही येतो म्हणालेत. व्हिडिओवाला घेऊन येऊ. तुमचा बदलीचा अर्जही माझ्याकडेच आहे, माहितीये ना? आणि बरं का, हे अस्सल आहे म्हणून आनंद. मागे एका शाळेतले प्रकल्प फोनवरून उतरवलेले निघाले. प्रमाणपत्रावर सही करणारे शिक्षक आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत."

सर हसले. अस्सल माणसाला घाबरायचं काय कारण? संध्याकाळी ते मानाची तयारी कुठवर आली ते विचारायला सरपंच बब्रुवान यांच्या शेतावर गेले. बब्रुवान कडब्याच्या गंजीला टेकून तंबाखू मळत होते.

"कसला मान?" बब्रुवान म्हणाले. "सर, येळवशीला पांडवांचा मान, लक्षुमीचा मान, झालंच तर बैलाचा बी मान. गुरुजीचा मान म्या आज पयल्यांदा ऐकायलोय."

"अहो, तुमच्या कृष्णराजनंच लिहिलंय! आणि ते बघायला मॅडम येणार आहेत!" सरांनी पिशवीतून वही काढून पुढं केली. बब्रुवाननी चष्मा चढवला आणि पान एकोणीस मोठ्यानं वाचलं.

"'येळवशीच्या दिवशी गावच्या गुरुजींना पहिला मान असतो. गुरुजी धोतर व फेटा परिधान करून, डोक्यावर आंबिलीचा माठ घेऊन, अनवाणी पायांनी शेताला पाच फेऱ्या घालतात. प्रत्येक फेरीत ते एकोणतीसचा पाढा म्हणतात. पाढा अचूक म्हटल्यास ज्वारीचे कणीस दाणेदार भरते, अशी गावकऱ्यांची गाढ श्रद्धा आहे. पाढा चुकल्यास फेरी पुन्हा घ्यावी लागते. शतकानुशतके चालत आलेली ही परंपरा शिक्षण आणि शेती यांच्या सुंदर नात्याचे प्रतीक आहे.'"

सर कडब्यावर बसले. आता त्यांना कळलं, पाढ्याचं काय अनोखं होतं ते. कृष्णराजला बोलावणं गेलं.

"कुणाला विचारून लिहिलंस रे हे?"

"सर, खरं सांगू का? तुमी म्हणलाव वीस पानं. येळवस दोन पानांतच संपायली. मग म्या फोनवरच्या एआयला म्हणलं, वीस पानं कर, आन् शेवटाला आमच्या सरांचा कायतरी मान घाल, आमचे सर खूश होतेत. त्यानं घातला."

"आणि बाकीचे सव्वीस?"

"त्यांनी माझंच उतरवून घेतलं. न्हाय कसं म्हणावं सर, एका वर्गातले हाव."

"आणि हा पाढा? तोही तूच सांगितलास?"

"न्हाय सर, पाढा त्यानं मनानं घातला. लई हुशार हाय त्यो."

"तुला येतो का एकोणतीसचा पाढा?"

"मला कशाला यावा लागतोय सर? फिरायचं तर तुमाला हाय."

बांधावरून कोंडाबाई शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबून सगळं ऐकत होती. "आगं बया," ती म्हणाली, "गुरुजी काय बैल हाय का, शेताला फेऱ्या घालाय?"

सरांनी मॅडमना खरं सांगून टाकायचं ठरवलं. फोन काढला. आणि मग सत्तावीस वह्यांच्या शेवटच्या पानांवरच्या सत्तावीस सह्या त्यांच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या वर 'काळजीपूर्वक'. नळदुर्गची सात मिनिटांची वाट एकीकडे आणि जिल्ह्याचं दुसरं टोक एकीकडे. सरांनी फोन परत खिशात घातला.

"मॅडम एकल्याच येणार का आनखी कोण?" बब्रुवाननी विचारलं.

"जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हणतात."

बब्रुवाननी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली, वही मिटली आणि तिला हलकेच नमस्कार केला.

"मोठे साहेब म्हंजी चार गाड्या. गाड्या यायच्या म्हणल्यावर रस्त्यावर मुरूम पडतोय. आठ वर्षं झाली आमी अर्ज करायलाव, एक पाटी मुरूम पडला न्हाय. सर, मान हाय. लई जुना हाय. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

"म्या न्हाय बघितला," कोंडाबाई म्हणाली.

"आजी," सर हात जोडून म्हणाले, "साहेबांपुढं असं म्हणू नका हो. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मग काय म्हणू?"

"वहीत आहे तसं म्हणा."

"कुठल्या वहीत? माझ्या नातीच्या?"

"नाही, या वहीत."

"बरं," कोंडाबाई म्हणाली आणि शेळ्यांमागं गेली.

पुढचे तीन आठवडे सरांच्या घरी भाकरीच्या थापांवर एकोणतीसचा पाढा चालला. मराठीच्या माणसाचं पाढ्यांशी वैर नसतं, पण ओळखही नसते. सर सकाळी गच्चीवर डोक्यावर पाण्यानं भरलेला माठ घेऊन फिरत आणि सोनाली कपडे वाळत घालता घालता चुका काढत असे.

"एकोणतीस सात?"

"दोनशे तेरा."

"दोनशे तीन! अहो, अशानं ज्वारी कशी भरणार?"

"तू पण?" सर कळवळून म्हणाले.

"मला ज्वारीचं काही नाही. मला नळदुर्गची शाळा पाहिजे. म्हणा परत."

येळवस उजाडली. हायवेपासून गावापर्यंत लालभडक मुरूम पडला होता आणि त्यावरून रोलरही फिरला होता. गाव शेतात न जाता आधी तो रस्ताच बघून आलं. चार गाड्या आल्या. मोठे साहेब उतरले, मॅडम उतरल्या, व्हिडिओवाला उतरला. सर धोतर नेसून, फेटा बांधून, अनवाणी, डोक्यावर आंबिलीचा माठ धरून बब्रुवानच्या शेताच्या कोपऱ्यावर उभे होते. बब्रुवान खोपीपुढं घोंगडी टाकून कृष्णराजची वही मांडीवर उघडून बसले. महिन्यापूर्वी फोनवरून उतरलेल्या त्या वहीला कुणीतरी हळद-कुंकूही लावलं होतं.

पहिली फेरी बिनचूक झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला बांध करडीच्या कडेनं गेला आणि करडीचे काटे काय असतात ते अनवाणी माणसालाच विचारावं. "एकोणतीस सात," सर म्हणाले आणि पाय उचलून कळवळले, "दोनशे तेरा."

"चुकलं! दोनशे तीन!" अठ्ठावीस आवाज एकदम आले. नववीचा अख्खा वर्ग बांधावर ओळीनं बसला होता आणि प्रत्येकाच्या हातात फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा होता. या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट तपासून पाहिली होती, आणि तीही इतक्या मन लावून.

बब्रुवाननी वहीत बोट ठेवलं. "'पाढा चुकल्यास फेरी पुन्हा घ्यावी लागते.' सर, फिरा माघारी."

"अहो, राहू द्या की एवढं," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, शेकडो वर्षांची परंपरा हाय. आपल्या मनाला येईल तसं करून कसं चालंल?"

पाचाच्या अकरा फेऱ्या झाल्या. माठातली निम्मी आंबील सरांच्या फेट्यातून, भुवयांवरून, नाकाच्या शेंड्यावरून खाली टपकत होती. नवव्या फेरीला सर मराठीतले अंक सोडून नुसतंच पुटपुटत होते, पण ते मंत्र म्हणताहेत असं मॅडमना वाटलं. त्यांनी डोळे पुसले. "केवढी निष्ठा!" त्या साहेबांना म्हणाल्या.

मग व्हिडिओवाल्यानं जुनं माणूस मागितलं. बब्रुवान काही बोलायच्या आत मॅडमनी बायकांतून सगळ्यात म्हातारी बघून कोंडाबाईला पुढं ओढलं.

"आजी, किती जुनी प्रथा आहे ही?"

सरांनी माठ घट्ट धरला. कोंडाबाईनं आधी सरांकडं बघितलं, मग आरोहीकडं बघितलं, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "शेकडो वर्षं झाली बगा. शिक्षण आन् शेती, दोघांचं लई चांगलं नातं हाय." लोक टाळ्या वाजवायला लागले. पण कोंडाबाई थांबली नाही. "माझा सासरा सांगायचा, पयले गुरुजी एकवीस फेऱ्या मारायचे. आता पाचावर आलं. आताच्या गुरुजीत ती ताकत राहिली न्हाय."

मोठ्या साहेबांनी तिला शाल दिली. सरांनी माठ उतरवून तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता, त्यामुळं ज्वारी टच्चून भरली. पावसाचं नाव कुणी काढलं नाही. रस्त्यात माणसं सरांना थांबवून कणीस दाखवत. सरांनाही हळूहळू वाटू लागलं की आपल्या पाढ्यात काहीतरी असावं. मॅडमनी अर्जावर शेरा मारला, 'अत्युत्कृष्ट'. असा शेरा त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. सोनालीनं नळदुर्गच्या शाळेत न्यायला डबा नको, दुपारी घरीच या, असंही ठरवून टाकलं.

मे महिन्यात लिफाफा आला. सरांनी तो उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला.

'...ग्रामसभेचा एकमताने मंजूर ठराव व श्रीमती कोंडाबाई यांची साक्ष विचारात घेता, सदर शिक्षक हे गावाच्या प्राचीन परंपरेचे मानकरी असून त्यांच्या जाण्याने परंपरा खंडित होण्याची शक्यता आहे. सबब विशेष बाब म्हणून त्यांना बदली प्रक्रियेतून कायमचे वगळण्यात येत आहे.'

सरांनी मॅडमना फोन लावला.

"अभिनंदन!" मॅडम म्हणाल्या. "मीच जोर लावला. म्हटलं, असा माणूस हलवायचाच नसतो."

सर तसेच मोटारसायकल मारत बब्रुवानकडं गेले. "सरपंच, ठराव तुम्ही केलात?"

"सर, राग मानू नका. तुमी गेलाव की मान गेला. मान गेला की साहेब येत न्हायत. साहेब न्हाय आले की पुढल्या पावसाळ्यात रस्ता गेला. तुमीच सांगा, गावानं काय करावं?"

रस्ता खरंच चांगला झाला होता. सर आता घरून निघाले की वीस मिनिटांत शाळेत पोचत, आणि आता रिटायर होईपर्यंत पोचणार होते. तेवढ्यात त्यांना कोंडाबाई आठवली आणि अंगात बळ आलं. सगळा डोलारा तिच्या साक्षीवर उभा होता. तिनं साक्ष फिरवली की झालं. नोटीस येईल तर येवो, निदान नळदुर्गच्या दिशेनं काहीतरी हलेल.

कोंडाबाई अंगणात शाल पांघरून शेंगा फोडत बसली होती. मे महिन्यात शाल पांघरणारी ती गावातली एकटीच.

"आजी, आता खरं सांगून टाका. तुम्हीच पहिल्यांदा म्हणाला होतात ना, असलं काही नसतं म्हणून?"

"म्हणले होते की."

"मग साहेबांना तसंच सांगा."

"आता कसं सांगू गुरुजी? खरं सांगितलं तवा तुमी अकरा मार्क दिलाव. वहीतलं सांगितलं तवा साहेबांनी शाल दिली. आन् वहीतलं सांगा म्हणून तुमीच हात जोडलाव."

सर एकदम ओरडले, "आरोहीची वही! तिच्यात खरं लिहिलेलं आहे! सगळ्या वर्गात एकटीचीच वही खरी. लेखी पुरावा आहे! आण गं ती वही!"

आरोहीनं वही आणून दिली. सरांनी ओट्यावर बसून ती अडीच पानं पहिल्या ओळीपासून वाचली. खोप होती, भज्जी होती, शेतात हरवलेली पोरगी होती. गुरुजींचा मान कुठंही नव्हता. लिहिलं होतं मात्र फार छान, आणि हे आपल्याला आत्ता कळावं याची सरांना मनापासून लाज वाटली. "शाब्बास," ते म्हणाले, "आता हीच वही साहेबांपुढं ठेवतो," आणि त्यांनी शेवटचं पान उलटलं.

तिथं लाल शाईत, तारखेसह, त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'माहिती अपुरी व अविश्वसनीय. गुरुजींचा मान हा या गावचा मुख्य विधी असून तोच राहिला आहे. जाणत्या माणसाला विचारावे.'

सरांनी वही मिटली. आरोहीनं ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. कोंडाबाईनं फोडलेल्या शेंगांतले मूठभर दाणे सरांच्या ओंजळीत टाकले.

"खावा," ती म्हणाली. "आन् औंदा येळवशीला जरा लवकर या. साहेबांनी माझं बोलणं पुस्तकात छापलंय म्हणं. एकवीस फेऱ्या हायत."